आवाज येईना

राउटर निशिकांतने भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बसवला होता. त्याच्या बुडाला चिकटवलेलं लेबल वाचण्यासाठी मी गालिच्यावर उताणी पडले होते, आणि माझ्या पोटावर पालथी पडलेली सानू माझ्या कुर्त्याची गुंडी चोखत होती.

"हलू नकोस गं राणी. पासवर्ड आहे तो. आजीशी बोलायचंय ना आपल्याला?"

कान आणि खांदा यांच्यामध्ये मोबाइल होता. पलीकडे निशिकांत. कॅनडात आम्ही राहत होतो त्या सास्काटूनपासून बऱ्याच लांब पोटॅशची खाण होती. तिथल्या यंत्रांच्या मोजमापाचं काम त्याच्याकडे होतं, आणि एकदा गेला की ठरलेले दिवस संपेपर्यंत तो तिथल्याच कॅम्पात राहायचा.

"वाचलंस का?"

"वाचतेय. शून्य आहे की ओ, तेच कळत नाहीये."

"दोन्ही करून बघ."

"तू इथे असतास तर..."

"वैजू." तो थकलेला होता. "आता कॉम्प्युटरवर तो पत्ता टाक. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक. मधे टिंबं दे."

राखाडी रंगाचं एक पान उघडलं. डावीकडे खिडक्या, उजवीकडे रिकामे चौकोन, कुठे काय भरायचं याचा पत्ता नाही. पुढे त्या पानाशी माझी इतकी सलगी झाली की डोळे मिटूनही कुठला चौकोन कुठे आहे ते सांगितलं असतं. त्या दिवशी मात्र दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटलं.

कपाट उघडण्याचं कारण होता तो डबा. इंटरनेटवरून फोन करायचा डबा. एक वायर राउटरला जोडायची, दुसरी साध्या फोनला, की जगात कुठेही बोला. तेव्हा व्हिडिओ कॉल असा प्रत्येकाच्या खिशात नव्हता. मी परदेशी फोनची कार्डं आणायची, त्यावरचे लांबलचक आकडे दाबायची, आणि आई पलीकडून म्हणायची, "खर्च हुतोय, ठेव." आता खर्चाचं कारण उरणार नव्हतं. आईला माझ्याशी बोलायलाच लागणार होतं.

हे मी निशिकांतला बोलून दाखवलं नव्हतं.

"आता ठेव, मी इथल्या फोनवरून तुझ्या नव्या नंबरवर करतो," तो म्हणाला.

डब्याला जोडलेला फोन वाजला. सानू दचकली. मी रिसीव्हर उचलला.

"हॅलो? वैजू?"

"हां, ऐकतेय! काय स्पष्ट येतोय तुझा आवाज!"

"हॅलो? वैजू, बोल ना."

"बोलतेय! ओरडतेय!"

"हॅलो... छ्या." कट्.

लगेच मोबाइल वाजला. "तू बोलत होतीस का?"

"मग काय गात होते?"

"म्हणजे माझा तुला येतोय, तुझा मला नाही. तुझा आवाज राउटरच्या बाहेरच पडत नाहीये. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन कर. माझी पाळी सुरू झाली."

तो गेला. खिडकीबाहेर अजून उजाडायचं होतं. तिथे हिवाळ्यात सूर्यसुद्धा उशिरा कामावर यायचा. रस्त्यावर एक बर्फ ढकलणारी गाडी गेली, आणि मग कोणीही नाही.

मदतीच्या नंबरवरच्या माणसाने इंग्रजीत सांगितलं, की त्याचं नाव केविन. नमस्कार, आज आपला दिवस कसा आहे वगैरे. मी माझी अडचण सांगत होते, तेवढ्यात सानूने भोकाड पसरलं.

"अगं थांब गं माझी बाय, हा बाबा काय म्हणतोय ते तरी ऐकू दे," मी म्हटलं.

पलीकडून अगदी दबक्या आवाजात, "मॅडम, मराठी का?"

"अय्या! केविन?"

"सोमनाथ," तो कुजबुजला. "बार्शीचा. पुण्यातून बोलतोय. मोठ्याने बोलू नका, कॉल रेकॉर्ड होतो. मराठीत बोललो तर सुपरवायझर कान धरेल."

"मी कुजबुजून काय होणार? तसाही माझा आवाज कुणाला जात नाहीये."

तो हसला, आणि लगेच खोकल्यासारखं करून इंग्रजीत "शुअर मॅम" म्हणाला. मग अर्धं इंग्रजी, अर्धं कुजबुजतं मराठी असं आमचं काम सुरू झालं. राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते. तिने फोनच्या आवाजाला मदत करायची असते, पण ती नको तेवढा शहाणपणा करते, आवाजाचं पाकीट फोडून त्यावरचा पत्ता बदलते, आणि पाकीट भलत्याच दारात जाऊन पडतं. "घरात एखादं माणूस असतं ना मॅडम, मदतीला येतं आणि सगळा घोळ घालतं. तसं. ते बंद करा." मी चौकोनातली खूण काढून टाकली. "आता सेव्ह. आता राउटरची वायर काढा, दहा आकडे म्हणा, परत लावा."

मी सानूच्या पाठीवर थोपटत दहा आकडे म्हटले. दिवे पुन्हा लुकलुकले. डब्याचा फोन वाजला.

"बोला मॅडम."

"ऐकू येतंय?"

"एक नंबर. तुमचं बाळ हुंदके देतंय, तेसुद्धा येतंय."

कुणीतरी आपल्याला ऐकतंय म्हणून इतका आनंद व्हावा, याचं माझं मलाच नवल वाटलं. त्या आठवड्यात निशिकांत आणि दुकानातली कॅशियर सोडून मी मोठ्या माणसाशी बोलले नव्हते.

फोन ठेवला आणि लगेच इचलकरंजीचा नंबर फिरवला. तिथे संध्याकाळ असणार. पहिल्याच घंटीला आईने उचलला.

"हां. वैजू?"

"आई! इंटरनेटचा फोन आहे हा! आता कितीही बोल, फुकट आहे!"

तिच्यामागून मागांची खटखट येत होती. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरामागे यंत्रमागांची शेड. त्या आवाजात मी जन्मले, त्यातच पाढे पाठ केले. परदेशी आल्यावर पहिले कित्येक दिवस मला शांततेमुळे झोप लागत नव्हती.

"वैजू, तू हायस का?"

"आहे ना! ऐकतेयस ना?"

"मला तर काय आवाज येईना बघ. बाळ बरं हाय का? टाळूला तेल लावतीस न्हवं? त्या डब्यात कायतरी बिघाड हाय. परत देऊन टाक दुकानात. ठेवतो मी."

आमच्याकडे बायकाही 'जातो', 'ठेवतो' म्हणतात. निशिकांत अमरावतीचा, त्याला याची फार मजा वाटायची. त्या 'ठेवतो'मध्ये मला मात्र दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

तिला डब्याचं कसं माहीत? आदल्या कार्डावर मीच ओरडून सांगितलं होतं. तेव्हा ती फक्त "हां हां" म्हणाली होती आणि फोन ठेवला होता.

खरं सांगायचं तर आई फोनवर कधी धड बोललीच नाही. लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून अण्णा बोलायचे. आई मागे असायची, तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, पण फोन अण्णांच्या हातात. आणि अण्णांची एक विचित्र सवय होती. मी जे म्हणेन ते ते पोपटासारखं म्हणायचे.

"अण्णा, कालपासून बर्फ पडतंय."

"हां. कालपास्नं बर्फ पडतंय म्हणतीस. बरं."

"गुडघ्याएवढं साचलंय."

"गुडघ्याएवढं साचलंय. अरे बाप रे."

"अण्णा, मी काय म्हटलं ते मला माहीत आहे हो! तुम्ही पुढचं बोला ना."

"पुढचं बोलू म्हणतीस. हां, बोलतो की." आणि हसायचे. "सवय गं पोरी, सवय."

सातव्या महिन्यात मी असताना अण्णा गेले. डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. मी गेले नाही. त्या दिवशी फोनवर आईने फक्त "तू जप" एवढं म्हटलं आणि दुसऱ्या कुणीतरी रिसीव्हर तिच्या हातातून घेतला. त्यानंतर प्रत्येक फोन हा असाच, दोन वाक्यांचा. बाळ बरं हाय का, तेल लावतीस न्हवं, खर्च हुतोय, ठेवतो.

सानूला मांडीवर घेऊन त्या अंधाऱ्या सकाळी मी बसायची आणि मनाशी म्हणायची, तिला राग आहे. मी आले नाही याचा राग. आणि ती तो बोलणार नाही, कारण आई कधी मोठ्याने भांडायची नाही, ती फक्त आत निघून जायची. राग असेल तर मला ऐकायचा होता. माझ्यावर ओरडली असती तरी चाललं असतं. माणूस ओरडतं म्हणजे निदान आपल्याकडे तोंड करून असतं.

म्हणून त्या डब्यातून आवाज जायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोमनाथ. त्याला मागून घ्यायची युक्ती मला कळली होती. "केविनशीच बोलायचंय," असं म्हणून अडून बसायचं.

"मॅडम, तुमचा आवाज तर मला येतोय."

"माझ्या आईला येत नाहीये."

"बरं. मग डब्याला कायमचा एक पत्ता देऊ या. रोज घर बदलणाऱ्या माणसाला पत्र कसं पोचणार?"

कायमचा पत्ता दिला. आईला फोन केला. "आवाज येईना बघ. ठेवतो."

मग दारं उघडली. म्हणजे राउटरमध्ये पोर्ट नावाची दारं असतात, त्यातली फोनची दारं उघडून ठेवायची. एका चौकोनात पाच हजार साठ, पुढे आणखी आकडे. सानू कीबोर्डवर थापा मारत होती. एकदा तिने भलतंच काही दाबलं आणि सगळं इंटरनेटच गेलं. पुन्हा पहिल्यापासून. आईला फोन. "वैजू? येईना गं आवाज. तू नगं तरास करून घेऊ. बाळाकडं बघ." आणि ठेवण्याआधी ती क्षणभर थांबली. मागे माग चालू होते. मी "आई, आई" म्हणत होते. सानूला रिसीव्हरजवळ धरलं. सानू नेमकी "आऽऽ" म्हणाली. पलीकडून काहीच नाही. मग फोन ठेवल्याचा आवाज.

आईचा तो थांबलेला श्वास मला दिवसभर पुरला. दुपारी मशीनमध्ये कपडे टाकताना मी शेडचा विचार करत होते. लहानपणी शाळा सुटली की मी अण्णांचा आणि आईचा जेवणाचा डबा घेऊन शेडवर जायची. अण्णा जॉबर होते, बंद पडलेले माग ते चालू करायचे. आई कोपऱ्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायची. चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाचं ओरडणंसुद्धा कळायचं नाही. म्हणून तिथे कुणी ओरडायचंच नाही. आवाज न काढता, ओठ चांगले मोठे करून बोलायचं. आणि हातांनी. दोन बोटं जुळवून झटक्यात वेगळी केली, की दोरा तुटला. चार बोटं तोंडाशी नेली, की जेवलास का. मुकादम येतोय, ही खूण मिशीवरून हात फिरवून. अण्णा शेडच्या त्या टोकाला आणि आई या टोकाला, आणि दोघांचं सगळं भांडण, सगळी थट्टा, एक अक्षर न उच्चारता चालायची. मलाही ते येऊ लागलं होतं. शाळेत बाईंच्या पाठीमागे मी त्याच भाषेत बोलायची आणि पकडली जायची नाही. घरी आल्यावरही आई बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच टक लावून बघायची. शेडमधल्या सगळ्याच बायकांना ती खोड असते.

त्या आठवणीने बरं वाटलं, आणि मग जास्तच एकटं वाटलं.

निशिकांत कॅम्पातून म्हणाला, "वैजू, पुरे आता. मला ऐकू येतंय, त्या केविनला येतंय. तिकडच्या लाइनमध्येच दोष असेल."

"मग तिकडची लाइन दुरुस्त करायची."

"इचलकरंजीची? सास्काटूनमधून?"

"हो."

तो म्हणाला, "सानूचा आवाज ऐकव मला." मी ऐकवला. तो बराच वेळ ऐकत राहिला.

पुढच्या वेळी सोमनाथने राउटरमधला शेवटचा उपाय केला. डबा सगळ्या कुंपणांच्या बाहेर नेऊन ठेवला, आता त्याच्या आणि जगाच्या मध्ये काहीच नाही. मग त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर माझा एक फोन तपासला.

"मॅडम, हा काल संध्याकाळचा... म्हणजे तुमच्या सकाळचा कॉल. आवाज दोन्हीकडून गेलाय. तुमच्याकडून पाकिटं निघाली, पोचली. एकही गळलं नाही."

"मग तिला येत का नाही?"

"ते माझ्या स्क्रीनवर दिसत नाही." तो जरा घुटमळला. "त्याच गावात दुसऱ्या कुणाला तरी लावून बघता का? त्यांना आलं तर लाइन ठीक, असं धरायचं."

"आणि मग?"

"मग... राउटरमध्ये काही राहिलं नाही मॅडम." त्याने पुन्हा कुजबुजत्या मराठीत विचारलं, "आईंचं वय काय?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, "शुअर मॅम, थँक्यू फॉर कॉलिंग" असं खणखणीत म्हणाला. सुपरवायझर आला असणार.

मी इंदूमावशीला फोन लावला. इंदूमावशी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. आईबरोबर त्याच शेडमध्ये तिने जन्म घालवला होता.

"हॅलो, कोण?"

"मावशी, मी वैजू."

"आगं बया! वैजू! अगं किती दिसांनी! कुठनं बोलतीस, कोल्हापुरातनं?"

"कॅनडातून."

"खोटं सांगू नगं. हितं न्हाणीतनं बोलल्यागत येतंय की! ते बाळच रडतंय न्हवं?"

मी गालिच्यावर बसले. जिथे बसले तिथे राउटरचे हिरवे दिवे माझ्या गुडघ्याजवळ लुकलुकत होते.

"मावशी, तुला येतंय मग आईला का येत नाही? आठवडाभर मी धडपडतेय. तिला माझ्याशी बोलायचं नाही का? तिने सांगितलंय का तुला तसं? खरं सांग."

"काय बोलायलीस पोरी?"

"ती मुद्दाम करतेय. मी अण्णांच्या वेळेला आले नाही म्हणून."

तिच्यामागेही तीच खटखट. मग तिचा आवाज खाली आला.

"तुला म्हाईतच न्हाई व्हय?"

"काय?"

"अगं तिला ऐकू येईना झालंय. आता न्हवं, लई दिस झाले. तू लग्न होऊन गेलीस तवापास्नंच कमी कमी होत हुतं. घंटी ऐकू येती, माणूस ऐकू येत न्हाई, लई वरडलं तर एखादा शब्द कळतोय. समोर बसलं की तोंड बघून तिला समदं कळतं, परक्याला तर पत्ताच लागत न्हाई. पाठ फिरवली की गेलं."

मी सानूला जवळ ओढलं.

"अण्णा हुते तवर निभावलं. ते फोन धरायचे आणि तू काय म्हणतीस ते तिच्याकडं तोंड करून एकेक म्हणायचे. ती पाटावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघायची. बर्फ पडतंय म्हटलं की हिचं डोळं एवढं मोठं. हसायचीत दोघं."

बर्फ पडतंय म्हणतीस. गुडघ्याएवढं साचलंय. पुढचं बोलू म्हणतीस. हां, बोलतो की.

"वैजू? हायस न्हवं?"

"आहे."

"मी तिला म्हटलं, सांग की पोरीला. तर म्हणाली, पोटुशी हाय, बाप गेलाय, तिथं एकटी हाय, तिला आणि हे कशाला. त्यो तुझा डबा आला तर तिला बरंच झालं. डब्याला नाव ठेवता येतंय."

"मग ती फोन उचलते कशाला?" माझा आवाज फुटला. "काहीच ऐकू येत नाही तर उचलते कशाला रोज?"

"उचलंल न्हाई तर काय! तुझी येळ झाली की ती कुठं जात न्हाई. देवळात न्हाई, भाजीला न्हाई. खुर्ची घेऊन फोनपाशी बसती. म्हणती, वाजला म्हंजी पोरगी खुशाल हाय. तेवढं बास."

सानूने माझ्या हनुवटीला हात लावला. ओली लागली म्हणून तिने तो हात तोंडात घातला.

"मावशी," मी म्हटलं, "तुझी सून कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते ना अजून?"

पुढचे दोन दिवस मी केविनला फोन केला नाही. निशिकांतने मागे कधीतरी हौसेने घेतलेला कॉम्प्युटरचा कॅमेरा ड्रॉवरमध्ये पडला होता, तो काढला. चित्राचा प्रोग्राम चालेना. राखाडी पान उघडलं, कुठलं दार बंद आहे ते मीच शोधलं, मीच उघडलं, वायर काढून दहा आकडे म्हटले आणि परत लावली. सानू माझ्याबरोबर दिव्यांकडे बघत होती, जणू तिलाही त्यातलं कळत होतं.

ठरलेल्या सकाळी मी केस विंचरले, कुंकू लावलं. सानूला नवा फ्रॉक घातला. त्यावर तिने लगेच दूध काढलं, म्हणून जुना घातला. मावशीच्या सुनेचा, कल्पनाचा निरोप पडद्यावर आला. 'ताई, आलोय आम्ही. पण इथे माइक चालत नाही. आवाज येणार नाही, फक्त चित्र दिसेल. उद्या करायचं का?'

मला हसू आलं. 'राहू दे. आवाज नको,' मी लिहिलं.

चित्र आलं. आधी नुसते चौकोन, मग त्यातून एक लुगडं, आणि मग आई. मागे क्लासच्या भिंतीवर संगणकाचं चित्र, आणि तिच्या खांद्यावरून डोकावणारी इंदूमावशी. आई केवढी बारीक झाली होती. कपाळ मोकळं होतं. तिला तसं मी पहिल्यांदाच बघत होते. ती कॅमेऱ्याकडे न बघता पडद्यावर कुठेतरी मला शोधत होती, आणि मग तिला मी सापडले.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. काय बोलावं, कसं बोलावं, तिला कळेना. डब्याला नाव ठेवता येईल का, ते ती बघत असावी.

मी चार बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया वर केल्या. जेवलीस?

आई तशीच बघत राहिली. मग तिने मागे वळून इंदूमावशीकडे असं काही बघितलं, की मावशीने दोन्ही हात कानांवर नेले. मी न्हाई, मी न्हाई. मग आई पुन्हा माझ्याकडे वळली. आणि शेडच्या त्या टोकाला बसल्यासारखी, ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हणाली, 'जेवलो. तू?'

'आत्ता जेवेन. इथे सकाळ आहे.'

'तोंड मोठं कर की. इसरलीस व्हय? हनुवटी खाली पाड.'

मी हनुवटी खाली पाडली. 'रागावलीस का माझ्यावर?'

'कशापायी?'

'आले नाही म्हणून.'

तिने हात उडवला. माग बंद पडला की अण्णा उडवायचे तसा. त्यात काय, हुईल चालू. मग तिने दोन बोटं जुळवली, झटक्यात वेगळी केली, आणि आपल्या कानाकडे दाखवलं. दोरा तुटला. मी मान हलवली. कळलं मला. ती जराशी हसली. लाजल्यासारखी.

'तू डबा परत दिऊ नगंस,' ती म्हणाली. 'वाजवत जा रोज.'

'वाजवेन.'

तेवढ्यात मांडीवरच्या सानूला पडद्यावरचं हलतं लुगडं दिसलं. तिने दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडून लांबलचक काहीतरी म्हटलं. आई पुढे सरकली, इतकी पुढे की पडद्यावर नुसते तिचे डोळे आणि नाक राहिलं. ती सानूच्या तोंडाकडे बघत होती, पण सानूच्या त्या इवल्या ओठांवरून कुणालाच काही कळलं नसतं.

तिने माझ्याकडे बघितलं. 'काय म्हणाली?'

"आऽऽ म्हणाली," मी म्हटलं. या वेळी माझा आवाज खोलीत मोठ्याने निघाला. का, ते माहीत नाही.

सानू पुन्हा बोलली.

"हां. आता बूऽऽ म्हणतीया. बूऽऽ. बरं. आणि आता परत आऽऽ म्हणतीया."

बोलता बोलता मीच थांबले. पलीकडे आईही थांबली होती. तिच्या खांद्यामागची इंदूमावशी डोळे पुसत होती. आईने पदराचं टोक तोंडावर घट्ट दाबून धरलं. ती हसत होती की रडत, मला कळेना, कारण ओठच दिसत नव्हते.

ते तिच्याही ध्यानात आलं असावं. तिने पदर खाली केला, चेहरा सरळ माझ्यासमोर धरला, आणि तोंड चांगलं मोठं करून विचारलं,

'मग? आणि काय म्हणतीया?'